गालिच्यांचं काम

माझं लग्न जमवलं ते माझ्या नगरच्या आत्याने. आत्या आमच्या गावी, काष्टीला, माहेरपणाला आली की ओसरीवर पाय पसरून बसायची आणि नगरच्या गोष्टी सांगायची. त्या खेपेला तिने गोष्ट सांगितली ती तिच्या शेजारच्या एका मुलाची.

"पोरगा लई गुणाचा हाय," ती आबांना म्हणाली. वडलांना आम्ही सगळी भावंडं आबा म्हणायचो. "आईबाप न्हाईत बिचाऱ्याला, पर कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. गालिच्यांचं काम हाय त्याचं. मोठमोठ्या बंगल्यांत ऊठबस असती."

"गालिचं म्हंजी ते खाली हातरायचं?" आबांनी विचारलं.

"व्हय. एकेक गालिचा आपल्या ह्या ओसरीएवढा."

आबांनी ओसरीकडे पाहिलं. आमच्या घरात एक जाजम होतं आणि माणशी एक घोंगडी. ओसरीएवढा गालिचा विकत घेणारी माणसं जर असतील तर तो विकणारा माणूस काही साधा नसणार, असा हिशोब त्यांच्या मनात झाला असावा. शेती नाही म्हणून थोडी कुरकुर झाली. पण आत्या म्हणाली, "पोरीला उन्हातान्हात राबाया लागणार न्हाई," आणि आईने लगेच मान हलवली.

साखरपुड्यापर्यंत गावात बातमी होती की पाव्हण्यांचा गालिच्यांचा धंदा आहे. हळदीपर्यंत नगरच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान निघालं. मांडवात कुणीतरी म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं, की दुकान माडीचं आहे आणि माल थेट काश्मीरहून येतो. आत्या हे सगळं ऐकत होती आणि पानाला चुना लावत होती. ती खोटं बोलली नव्हती. लोकांच्या कल्पनेला आडवं जायचं तिने तेवढं टाळलं.

लग्नानंतर मी नगरला लागून असलेल्या भिंगारला आले. दोन खोल्या, पुढे जरासं अंगण, अंगणात शेवग्याचं झाड. घर स्वच्छ होतं, इतकं की मला माझे पाय मळके वाटायला लागले. पण गालिचा कुठेच नव्हता. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात वेताच्या छड्या, निरनिराळ्या आकाराचे ब्रश, रिठ्याची पिशवी आणि एका गालिच्याचा फाटका तुकडा, एवढंच. सकाळी यजमान सायकलला ते सगळं बांधून जायचे आणि संध्याकाळी केसांत, भुवयांत धूळ घेऊन परत यायचे. दुकानात इतकी धूळ कशी, असं मला वाटायचं. शेवटी एका संध्याकाळी ते अंगणात तोंड धूत असताना मी विचारलं,

"अहो, दुकान कुठं आहे आपलं?"

"कसलं दुकान?"

"गालिच्यांचं."

ते तोंडावर पाणी मारायचे थांबले. आधी त्यांना हसू आलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते हसू गेलं. "मी गालिचे विकत नाही," ते म्हणाले. "लोकांच्या घरी जाऊन साफ करतो. माझे वडील लष्कराच्या कॅम्पातल्या मेसमध्ये कामाला होते, त्यांच्याकडून शिकलो. तुमच्या आत्याबाईंना सगळं माहीत आहे. तुम्हाला काय सांगितलं त्यांनी?"

"गालिच्यांचं काम आहे असं."

"मग बरोबरच सांगितलं," ते म्हणाले. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. त्यांनी फसवलं नव्हतं हे मला कळत होतं, आणि तेच अवघड होतं. रागवायचं तर कुणावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, तुला दाखवतो मी काय करतो ते. मग तुला काय वाटतं ते सांग." मला अगं-तुगं करायला त्यांनी त्या दिवसापासून सुरुवात केली. सायकलच्या कॅरिअरवर बसून मी कॅम्पातल्या एका बंगल्यावर गेले. मागच्या अंगणात कडुलिंबाखाली त्यांनी एक गालिचा अंथरला. मला तो तपकिरी दिसला. त्यांनी तो आधी उलटा टाकून पाठीवरून झोडला, इतकी धूळ निघाली की त्यात ते स्वतः दिसेनासे झाले. मग सरळ करून रिठ्याचा फेस लावला, लवेच्या दिशेने ब्रश फिरवला, ओल्या फडक्याने फेस टिपला. एका कोपऱ्यापासून गालिचा निळा व्हायला लागला. निळ्यात पिवळ्या वेली, वेलींवर बारीक तांबडी फुलं. मी पायरीवरून उठून जवळ गेले कधी ते मला कळलंच नाही.

"हे सगळं आत होतं?" मी विचारलं.

"आतच असतं," ते म्हणाले. गुडघ्यावर बसलेले, बाह्या वर केलेल्या, नाकाच्या शेंड्यावर फेस. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते आणि त्या माणसाकडे मी पहिल्यांदा मन भरून पाहिलं.

परत येताना त्यांनी विचारलं, "काष्टीला जाऊन मामांना सांगू का मी खरं?" मी नको म्हटलं. आत्याचं नाव खराब होईल, आबा तिच्याशी बोलणार नाहीत, सावकाश सांगू. पण सावकाश सांगायच्या गोष्टीला मुहूर्त सापडत नाही. आम्ही सणावाराला काष्टीला गेलो की आबा जावयाला विचारायचे, "कसा काय हाय धंदा?" आणि हे प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे, "चाललाय मामा. सध्या बंगल्यांतून लई बोलावणी हायेत." आबा खूश होऊन मान हलवायचे. दोघंही खरंच बोलत होते आणि मी आत चुलीशी बसून घामाघूम होत होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याचं वर्णन मी करत बसत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. आमच्यापुरतं सांगायचं तर गालिचे धुणं थांबलं. नळाला पाणी कधी यायचं, कधी यायचंच नाही. लोक दारातूनच म्हणायचे, "प्यायला पाणी नाही आणि गालिचा कसला धुताय?" आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. यजमानांच्या हाताखाली एक जोडीदार असायचा. तो बायकापोरांना घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. हेही जायला निघाले होते. पाटीफावडंसुद्धा मागून आणलं होतं.

त्या दिवसांत वारा सुटला की घरभर लाल माती व्हायची. एकदा चहा गाळताना गाळणं माझ्या हातून निसटलं आणि चोथा खाली सांडला. सकाळचा केर काढायचा होताच, म्हणून मी तो चोथा तसाच केरसुणीने पुढे लोटत नेला. एरवी झाडताना धूळ उडून परत तिथेच बसायची. ती आज उडाली नाही. चोथ्याला चिकटून गोळा होत गेली. मी मागे वळून पाहिलं तर फरशीवर एक स्वच्छ पट्टा उमटला होता.

मी कोपऱ्यातला तो गालिच्याचा फाटका तुकडा काढला, त्यावर चोथा पसरला आणि ब्रश फिरवला. संध्याकाळी हे आले तेव्हा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात नेऊन पाहिला, बोटांनी लव उलटी केली, मग नाकाशी नेला.

"चहाचा वास येतोय," ते म्हणाले.

"वास जाईल. धूळ गेली का सांगा."

त्यांनी पाटीफावडं ज्याचं होतं त्याला परत नेऊन दिलं.

माळीवाड्याच्या स्टँडजवळच्या हॉटेलांतून आम्ही चोथा आणायला लागलो. हॉटेलवाले हसायचे, पण द्यायचे. तो सावलीत पसरून अर्धवट सुकवायचा. मुठीत दाबला तर गोळा व्हायला हवा, पण पाणी सुटता कामा नये. हे जमायला बरेच चोथे वाया गेले. फिकट गालिच्यावर चहाचा डाग पडतो, हेही एका जुन्या आसनावर कळलं. तेव्हापासून फिकट रंगाला वखारीतला लाकडाचा भुसा, ओलसर करून, आणि गडद रंगाला चोथा. डागांपुरता रिठ्याचा फेस, त्याला तांब्याभर पाणी पुरायचं. आणि जोडीदार नव्हता म्हणून दुसरी बाजू धरायला मी. पदर खोचून, नाकातोंडावर फडकं बांधून मी यजमानांच्या बरोबरीने कामाला लागले, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात जायचं, खुर्च्या-मेजं हलवायची, वर्षानुवर्षं दबलेला रंग वर काढायचा. घरच्या बायका गप्पा मारायला यायच्या. गालिच्याखाली काय काय सापडायचं, कुणाच्या बुगडीची फिरकी, कुणाचा दुधाचा दात. ते आम्ही एका वाटीत काढून ठेवायचो, आणि ती वाटी पाहून घरातली माणसं आमच्यासमोरच जुन्या आठवणी काढत बसायची.

अशात श्रीगोंद्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका वकिलांच्या मुलीला पाहायला पुण्याची मंडळी येणार होती आणि दिवाणखान्यातला गालिचा साफ करून हवा होता. वकिलांची बहीण नगरला राहायची, तिच्याकडे आम्ही काम केलं होतं. श्रीगोंदा म्हटल्यावर वाटलं, गावातलं कुणी भेटलं तर? काष्टी तिथून कितीसं लांब! पण हे म्हणाले, "काम उरकलं की काष्टीला मुक्काम करू. तुझ्या आईला भेटून किती दिवस झाले." सकाळच्या एस्टीने आम्ही निघालो. ब्रश आणि छड्या एका पोत्यात, चोथा फडक्यात बांधून माझ्या मांडीवर.

वकिलांचं घर कोर्टापासून जवळ होतं. पुढे पडवी, तिथे पक्षकारांसाठी बाकं. आत दिवाणखाना, आणि त्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक गडद तांबडा गालिचा. वकिलांच्या वडलांच्या वेळचा होता. वकीलीणबाई बारीक चणीच्या, बोलक्या, आणि त्या दिवशी फार धास्तावलेल्या. "कित्येक वर्षांत उचललाच नाही हो तो," त्या म्हणाल्या. "गडी होता तो खडी फोडायच्या कामावर गेला. तुम्हा दोघांना जमेल ना?"

आम्ही गालिचा गुंडाळून, ओढत ओढत मागच्या अंगणात नेला आणि पाठीवरून झोडला. पुन्हा आत आणून सरळ अंथरला. यजमान छड्या आवरायला मागे गेले आणि मी अर्ध्या गालिच्यावर चोथा पसरून गुडघ्यावर बसून ब्रश फिरवायला सुरुवात केली. पडवीत माणसांची चाहूल लागत होती. पक्षकार येत होते. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाई, वकीलसायेब हायेत का घरात?"

माझा हात जागीच थांबला. आवाज आबांचा होता.

मी मान वर केली. उंबऱ्याबाहेर आबा उभे होते. डोक्याला पटका, हातात काठी, वहाणा बाहेर काढून ठेवलेल्या. शेताच्या बांधावरून भाऊबंदांशी त्यांची जुनी कुरबुर चालू होती, त्यापायी ते वकिलांकडे आले होते. माझ्या नाकातोंडावर फडकं होतं, केसांवर धूळ होती. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. परक्या बाईशी बोलावं तसे ते नजर खाली ठेवून बोलत होते.

मला वाटलं, अशीच गप्प बसावं. मान हलवावी, ते बाहेर जाऊन बसतील. पण माझा हात आपोआप फडक्याकडे गेला आणि मी ते खाली ओढलं.

"आबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ब्रशकडे, मग गालिच्यावर पसरलेल्या काळ्या चोथ्याकडे.

"तू हितं काय करतीयास?"

मी उत्तर देण्याआधीच मागच्या दाराने यजमान आत आले. "मामा!" म्हणून लगबगीने पुढे झाले आणि धुळीच्या हातांनीच पायाला वाकले. आबा एक पाऊल मागे सरले.

"पाव्हणं, ह्यो गालिचा तुमी इकला व्हय वकीलसायबास्नी?"

"न्हाई मामा. आमी साफ कराया आलोय."

"इकलेला न्हाई, मंग साफ कशापायी?"

"आबा," मी म्हटलं, "आपलं दुकान न्हाई. कधीच नव्हतं. आमी लोकांच्या घरी जाऊन गालिचं साफ करतो."

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, मग वळून पडवीत गेले.

मला उठून त्यांच्या मागे जायचं होतं. पण ओला चोथा गालिच्यावर पसरून झाला होता. तो जास्त वेळ राहिला तर तांबड्यावर काळे डाग धरणार, आणि डाग धरले तर पुण्याच्या मंडळींसमोर वकीलीणबाईंची काय शोभा होणार! यजमान म्हणाले, "मी बघतो चोथ्याचं. तू जा मामांकडे." पण एकट्याने उरकण्यासारखं ते नव्हतंच. मी मानेनेच नाही म्हटलं आणि ब्रश चालू ठेवला. तेही समोरून ब्रश घेऊन बसले. दोघं दोन बाजूंनी मध्याकडे येत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी ते दंडाला पुसत होते.

वकीलीणबाई आतून आल्या. "काय गं, रडतेस?"

"धूळ गेली डोळ्यांत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि त्या पडवीत गेल्या. दार उघडंच होतं. त्यांचा आवाज ऐकू आला, "बसा ना, हे आंघोळीला गेलेत. कुठून आलात तुम्ही?"

"काष्टीहून," आबा म्हणाले.

"आत जरा पसारा आहे, गालिचा साफ करायला माणसं आलीत. त्रास झाला नाही ना धुळीचा?"

माझा ब्रश थांबला.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "ती माजीच माणसं हायेत. आत बसलीय ती लेक माजी. अन् त्यो जावई."

पडवीत इतरही पक्षकार बसले होते. आबा हळू आवाजात बोलले नाहीत. शेतातून हाळी देताना लागतो तसा त्यांचा नेहमीचा, मोकळा आवाज होता. माझ्यासमोर गुडघ्यावर बसलेल्या यजमानांनी मान वर केली आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी मात्र धुळीचं कारण सांगितलं नाही.

"अगंबाई!" वकीलीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आत मुलीला चहा आणायला सांगितला.

वकिलांशी आबांचं बोलणं झालं तोवर आमचा चोथा झाडून झाला होता. आता गालिचा पुन्हा बाहेर नेऊन दोरीवर टाकायचा आणि राहिलेले कण झटकायचे. सकाळी आम्ही दोघांनी तो ओढत नेला होता. आता साफ केलेला गालिचा ओढत न्यायचा म्हणजे मातीत लोळवायचा. यजमान पडवीत कुणी मदतीला येतं का पाहायला निघाले, तर आबा दारातच उभे. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पटका काढून खुंटीला अडकवला आणि धोतर वर खोचलं.

"मामा, तुमी नका," यजमान म्हणाले.

"गप धरा तिकडनं," आबा म्हणाले.

पुढून यजमान, मागून आबा, मध्ये मी. आबांना जपून पाऊल टाकायची सवय नव्हती. दोनदा त्यांनी गालिचा चौकटीला घासला आणि दोनदा चौकटीलाच शिवी दिली. अंगणात दोन झाडांना दोरखंड बांधला होता, त्यावर गालिचा चढवला. यजमानांनी छडी उचलली तशी आबांनी हात पुढे केला. "आणा हिकडं. दावा कसं मारायचं."

"हळू, मामा. एका जागी दोनदा न्हाई मारायचं. वरनं खाली येत जायचं."

आबांनी पहिला फटका जपून मारला, दुसरा जरा जोरात. मग त्यांचा हात बसला. त्या वर्षी आमच्या शेतात काहीच पिकलं नव्हतं. खळं झालं नव्हतं, बडवायला एक कणीस हाताला लागलं नव्हतं, बैल गुरांच्या छावणीत होते. बांधाच्या भांडणाशिवाय आबांना वर्षभर काही उद्योग नव्हता. ते गालिचा झोडत राहिले, कपाळावर घाम आला, बंडी पाठीला चिकटली, आणि मी पाहिलं की त्यांचा चेहरा सैल होत चालला होता.

मध्येच थांबून ते म्हणाले, "पाव्हणं, माज्या बहिणीनं सांगितलं हुतं, गालिच्यांचं काम हाय म्हणून."

"हाय की मामा," यजमान म्हणाले. "ह्येच त्ये."

आबा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग ते मोठ्याने हसायला लागले, छडीवर वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माडीचं दुकान!" ते म्हणाले. "काश्मीरचा माल! अन् मी सगळ्या गावाला सांगत फिरलो की रे!" हे ऐकून मलाही राहवेना. वकीलीणबाई मागच्या दारात येऊन आम्हा तिघांना हसताना पाहत उभ्या राहिल्या. आपला गालिचा वेड्यांच्या हाती दिला की काय, असं त्यांना वाटलं असणार.

गालिचा पुन्हा आत अंथरला तेव्हा उन्हाची तिरीप त्यावर पडली. तांबड्या रंगात मोठमोठी फुलं उमटली होती, कडेने बारीक पानांची नक्षी. मी गोंडे हाताने विंचरत होते. आबा उंबऱ्याशी उभे राहून पाहत होते.

"ह्ये फूल कशाचं म्हनायचं?" त्यांनी विचारलं.

आम्हाला माहीत नव्हतं. वकीलीणबाईंनाही माहीत नव्हतं. "इतकी वर्षं घरात आहे, पण फूल आहे हेच विसरले होते मी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आबांना म्हटलं, "या ना आत. पाय ठेवून बघा."

आबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. बाहेर जाऊन त्यांनी तांब्यातल्या घोटभर पाण्यात फडकं भिजवून तळवे पुसले आणि मग आत येऊन गालिच्यावर उभे राहिले. "मऊ हाय," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आम्ही तिघं काष्टीला पोचलो. आईला आबांनीच सांगितलं, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत. आईने माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. रिठ्याने बोटांची कातडी सोलपटली होती. तिने वाटीत खोबरेल तेल कोमट केलं आणि माझ्या बोटांना चोळत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माणूस बरा हाय न्हवं?"

"लई बरा हाय," मी म्हटलं. मग तिने जावयासाठी, त्या टंचाईत कुठून काढले कोण जाणे, गव्हाच्या पिठाचे दोन लाडू वळले.

आत्याचं काय करायचं, असं मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "तिला काय बोलू? तिनं चांगला जावई दिला. माडीचं दुकान आपूनच बांधलं." पुढच्या दिवाळीला त्यांनी तिला नेहमीसारखं लुगडं घेतलं. फक्त तिच्या हातात देताना म्हणाले, "काश्मीरचं हाय," आणि आत्या अशी ओशाळली, की त्यानंतर तिने आयुष्यात कुणाचं लग्न जमवलं नाही.

त्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आम्हाला एस्टी स्टँडवर सोडायला आले. ब्रश आणि छड्यांचं पोतं यजमान उचलणार तोच त्यांनी ते स्वतःच्या खांद्यावर घेतलं. छड्या पोत्याबाहेर डोकावत होत्या. स्टँडवर गावातले एक जुने गृहस्थ बसले होते. त्यांनी यजमानांना रामराम केला आणि आबांना विचारलं, "काय, पाव्हणं दुकान सोडून कसं काय आलं?"

"दुकान न्हाई बाबा," आबा म्हणाले. "आमचीच समजूत चुकली हुती. दोघं मिळून गालिचं साफ करत्यात, लोकांच्या घरी जाऊन. वकिलाचा एवढा मोठा गालिचा काल असा काढला, अक्षी नवा. मी बी हात लावला थोडा."

ते गृहस्थ पोत्याकडे, मग आबांकडे पाहत राहिले. "तुमी?"

"व्हय. सोपं न्हाई त्ये," आबा म्हणाले. "एका जागी दोनदा मारायचं न्हाई." आणि छडी कशी धरायची, हात वरून खाली कसा आणायचा हे ते त्यांना तिथल्या तिथे दाखवायला लागले. एस्टी आली, आम्ही चढलो, मी खिडकीशी बसले. आबा पोतं वर द्यायचं विसरले होते. यजमानांनी खाली उतरून ते घेतलं, तरी आबांचं सांगणं चालूच होतं.